डक हंट

डक हंट : दूरचित्रवाणीच्या पडद्यावर उडणाऱ्या बदकांवर प्रकाश-बंदुकीने नेम धरण्याचा घरगुती व्हिडिओ गेम. जपानमधील क्योटो येथील निन्टेन्डो कंपनीने तो फॅमिली कम्प्युटर, म्हणजे बोलण्यातल्या फॅमिकॉम, या कन्सोलसाठी २१ एप्रिल १९८४ रोजी बाजारात आणला. १९८५ च्या ऑक्टोबरात त्याच कन्सोलची अमेरिकी आवृत्ती निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टीम या नावाने निघाली, तिच्या अगदी पहिल्या खेळांत हा होता. निर्मिती गुनपेई योकोई यांची, आराखडा हिरोजी कियोताके यांचा आणि संगीत हिरोकाझू तानाका यांचे. पुढे गेम बॉय हा खिशातला कन्सोल घडवणारे योकोई ते हेच.

खेळ : आरंभी एक तपकिरी शिकारी कुत्रा जमीन हुंगत येतो, थबकतो आणि टुणकन उडी मारून गवताआड जातो. लगेच पंखांच्या फडफडाटासह बदक वर उठते. त्याच्यासाठी खेळणाऱ्याजवळ तीन बार आणि मोजके सेकंद असतात. बदक सरळ रेषेत जात नाही. पडद्याच्या कडेशी आले की वळते, आणि फेरीगणिक त्याचा वेग वाढतो. नेम लागला की ते क्षणभर हवेत थिजते, मग खाली कोसळते, आणि कुत्रा ते उचलून अभिमानाने वर धरतो. तिन्ही बार फुकट गेले तर आकाश गुलाबी होते, बदक पसार होते आणि तोच कुत्रा गवतातून डोके वर काढून तोंडावर पंजा धरून फिदीफिदी हसतो. या हसण्याने जितकी माणसे चिडली तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या गेममधल्या पात्रावर चिडली असतील. त्याच्यावर बार काढून पाहिला नाही असा खेळाडू विरळा. घरगुती खेळात त्याला गोळी लागत नाही. नाणे टाकून खेळायच्या आर्केड आवृत्तीत मात्र अधिक गुणांच्या फेरीत तो मध्येच उडी मारतो, तेव्हा त्याला गोळी लागू शकते. मग तो कुबड्या घेऊन, कपाळाला आठ्या घालून परत येतो.

एका फेरीत दहा बदके. पहिल्या दहा फेऱ्यांत सहा पाडली तरी पुढे जाता येते. नंतर ही अट सात, आठ, नऊ अशी चढत जाते आणि विसाव्या फेरीपासून दहाच्या दहा पाडावीच लागतात. ९९ वी फेरी ओलांडली की आकडा शून्यावर येतो आणि एका बदकाच्या खेळात बदके इतकी सैरावैरा पळू लागतात की नेम धरण्यात अर्थ उरत नाही. हा योजलेला शेवट नव्हे, मोजणीतली गडबड आहे. एका वेळी एक बदक, एका वेळी दोन, आणि बदकांऐवजी दूर भिरकावलेल्या मातीच्या तबकड्या, असे तीन प्रकार निवडता येतात. एका बदकाच्या प्रकारात बंदुकीखेरीज दुसरा कंट्रोलर जोडलेला असेल तर तो हाती धरणाऱ्याला बदक हवे तसे उडवता येते. बऱ्याच घरांतली भावंडे वर्षानुवर्षे आळीपाळीने बंदूक धरत राहिली आणि दुसऱ्याला नुसते बघत बसावे लागले, ते हे ठाऊक नसल्याने.

बंदूक : या बंदुकीतून काहीही बाहेर पडत नाही. नळीच्या तोंडाशी भिंग आहे आणि त्यामागे उजेड ओळखणारा छोटा संवेदक. म्हणजे आकार बंदुकीचा असला तरी काम डोळ्याचे. चाप ओढताच तारेतून कन्सोलला निरोप जातो आणि कन्सोल एका फ्रेमपुरता, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागापुरता, सगळा पडदा काळा करतो. त्यापुढच्या फ्रेममध्ये पडदा काळाच राहतो, फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला आधी काळोख आणि लगोलग उजेड दिसला, तर ती बदकाकडे रोखलेली होती असे धरले जाते. दोन बदके असतील तर दोन चौकोन वेगवेगळ्या फ्रेममध्ये एकामागून एक दाखवतात आणि उजेड कितव्या फ्रेमला दिसला यावरून कोणते बदक पडले ते ठरते. खेळणाऱ्याच्या डोळ्याला यातले काही दिसत नाही. पडदा एकदा लकाकला एवढेच जाणवते.

या रचनेतली काटकसर वाखाणण्यासारखी आहे. बंदूक कुठे रोखली आहे हे कन्सोलला कधीच कळत नाही आणि त्याला ते कळून घ्यायचेही नसते. उजेड दिसला की नाही, एवढाच त्याचा प्रश्न. त्यामुळे केसभर हुकलेला नेम आणि छताकडे रोखलेली नळी यांत त्याच्या लेखी फरक नाही. पहिली काळी फ्रेम ही लबाडी पकडण्यासाठी आहे. नळी पेटलेल्या दिव्याकडे धरली तर काळोख हवा तेव्हाही उजेडच दिसणार, आणि बार बाद. शिवाय निन्टेन्डोच्या बंदुकीतील मंडल कोणत्याही उजेडाला दाद देत नाही. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांची शलाका सेकंदाला पंधरा हजारांहून अधिक आडव्या रेषा ओढत चित्र रंगवत असते. बंदूक त्या गतीने लुकलुकणारा उजेड तेवढा ओळखते. पांढरे आणि काळे यापलीकडे रंगांशी तिचे देणेघेणे नाही, पण पडद्याची चकाकी कमी ठेवली तर चांगला नेमही वाया जातो. थोडक्यात, अर्धे यंत्र खेळणाऱ्याच्या हातात आणि अर्धे समोरच्या संचाच्या काचेमागे होते, आणि खोक्यात भरून विकले जात होते ते फक्त पहिले अर्धे.

पूर्वपीठिका : निन्टेन्डोचा या खेळण्याशी संबंध कन्सोलच्या आधीपासूनचा. १९७० मध्ये तिने कोसेनजू एसपी नावाच्या बंदुका काढल्या. त्यांचा मामला उलटा होता. बंदुकीतून खरोखरच उजेडाचा झोत निघे आणि लक्ष्यावर बसवलेल्या सौरघटावर तो पडला की लक्ष्य हले किंवा उडे. ते सौरघट शार्प कंपनीचे. ते विकण्याच्या निमित्ताने निन्टेन्डोशी संबंध आलेले शार्पमधील अभियंता मासायुकी उएमुरा पुढे निन्टेन्डोतच दाखल झाले आणि फॅमिकॉमची रचना त्यांच्याच हातून झाली. १९७३ मध्ये बंद पडलेल्या बोलिंगच्या दालनांत उजेडाने तबकड्या पाडण्याची मोठी केंद्रे सुरू झाली, पण त्याच वर्षीच्या तेलसंकटाने तो धंदा बसवला. १९७६ मध्ये घरच्या भिंतीवर उडत्या बदकाचे चित्र पाडून त्यावर नेम धरण्याचे एक खेळणे निघाले. त्याचे नावही डक हंटच. १९८४ च्या खेळाने भिंतीची जागा दूरचित्रवाणीला दिली आणि उजेडाची दिशा फिरवली.

घरगुती कन्सोलची पहिली प्रकाश-बंदूक मात्र निन्टेन्डोची नव्हे. तो मान १९७२ च्या अमेरिकी मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या कन्सोलसोबत वेगळ्याने मिळणाऱ्या लांब रायफलीचा.

अमेरिका : जपानमधली बंदूक जुन्या काउबॉयपटांतल्या रिव्हॉल्व्हरसारखी होती. अमेरिकेसाठी तिला राखाडी, अंतराळपटात शोभेल असे रूप देऊन झॅपर हे नाव ठेवले. या बदलामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा व्यापार होता. १९८३ मध्ये तिथला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता आणि दुकानदार कन्सोल हा शब्द ऐकायला तयार नव्हते. म्हणून निन्टेन्डोने आपला माल खेळणे म्हणून पुढे केला. मोठ्या खोक्यात एक यंत्रमानव, एक बंदूक आणि त्या दोहोंचे खेळ. यंत्रमानव लवकरच अडगळीत गेला, बंदूक टिकली. १९८८ पासून सुपर मारिओ ब्रदर्स आणि डक हंट एकाच कार्ट्रिजमध्ये कन्सोलसोबत मिळू लागले. या खेळाच्या सुमारे २ कोटी ८० लाख प्रती खपल्या असे सांगतात तेव्हा हे ध्यानात घ्यावे. त्यांतल्या बहुतेकांनी डक हंट मुद्दाम विकत घेतला नव्हता, तो खोक्यातून निघाला होता. तरी मारिओने दमलेला हात बंदुकीकडे वळायचा, हेही तितकेच खरे. खेळण्यातली बंदूक खरी वाटू नये यासाठी १९८८ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि त्यानंतरचे झॅपर भडक नारिंगी रंगात निघाले.

भारतात : निन्टेन्डोचा कन्सोल भारतात ‘सामुराई’ या नावाने विकला गेला, पण महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचल्या त्या त्याच्या स्वस्त नकला. मीडिया, लिटिल मास्टर अशी त्यांची नावे. खोक्यात दोन कंट्रोलर (त्यांना बहुधा ‘रिमोट’ म्हणत), पिस्तुलाच्या आकाराची प्लॅस्टिकची बंदूक आणि ‘९९९९ इन १’ असे छापलेली कॅसेट. कार्ट्रिज हा शब्द कोणी वापरत नसे. त्या ९९९९ मधले वेगळे खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी तेच खेळ नाव किंवा फेरी बदलून पुन्हा पुन्हा येत. डक हंट, म्हणजे मुलांचा ‘बदकांचा गेम’, त्यांत हमखास असे. मे महिन्याच्या सुट्टीत गल्लीतल्या एखाद्या दुकानात तासाच्या भाड्याने खेळायची सोय असे. तिथे नियम एकच : तीन बार हुकले की बंदूक पुढच्याच्या हातात. कॅसेट चालली नाही की फुंकर. वायर अँटेनाच्या जागी खोचायची आणि रिकाम्या चॅनेलवर मुंग्यांतून चित्र येईपर्यंत बटण फिरवत राहायचे.

नेमबाजीतली सर्वमान्य युक्ती म्हणजे उठून पुढे जाणे आणि नळी थेट काचेला टेकवणे. चौकोन तेव्हा भिंगाला पुरता व्यापतो, त्यामुळे सहसा हुकायला होत नाही. या युक्तीला लबाडी म्हणावे की हुशारी, यावर त्या काळी बरीच भांडणे झाली. वडीलधाऱ्यांचा आक्षेप वेगळाच होता : ‘गेम खेळून टीव्हीची ट्यूब जाते.’ तासन्‌तास एकच स्थिर चित्र ठेवले तर पडद्यावर डाग राहू शकतो, एवढे त्यात तथ्य. सतत उडणाऱ्या बदकांकडून ती भीती फारशी नव्हती.

उत्तरकाळ : सेगाची लाइट फेझर १९८६ मधली, निन्टेन्डोची खांद्यावर धरायची सुपर स्कोप १९९२ मधली. नव्वदीच्या दशकात नाम्कोच्या गनकॉनने पद्धत सुधारली. ही बंदूक संचाकडे जाणाऱ्या चित्रसंकेतातून शलाकेची वेळ मोजत असे आणि त्यामुळे पडद्यावरचा नेमका बिंदू सांगू शके. झॅपरच्या हो-नाहीच्या पुढची ही पायरी. पण पाया तोच : शलाका आणि पिक्चर ट्यूब.

सपाट एलसीडी पडद्यांत शलाका नसते. उजेड मागून एकसारखा येत राहतो, रेषा ओढत लुकलुकत नाही. त्यातच आलेले चित्र पडद्यावर उमटवण्याआधी संच त्यावर प्रक्रिया करतो, त्यात काही फ्रेमचा उशीर होतो. पांढरा चौकोन उमटतो तोवर कन्सोलने निकाल देऊन टाकलेला असतो. २०१४ च्या डिसेंबरात निन्टेन्डोने वी यू या कन्सोलवर डक हंट पुन्हा दिला तो बंदुकीशिवाय, अवरक्त किरणांवर चालणाऱ्या वी रिमोटने खेळण्यासाठी. त्याच वर्षीच्या सुपर स्मॅश ब्रदर्समध्ये कुत्रा आणि बदक जोडीने लढवय्ये म्हणून अवतरले. अलीकडे बंदुकीत कॅमेरा बसवून पडद्याभोवतीची पांढरी चौकट ओळखणारी साधनेही मिळतात. मूळ बंदुकीने खेळू पाहणारे मात्र भंगारात निघालेले ट्यूबचे संच शोधून, दुरुस्त करून बाळगतात.

जुना कन्सोल नव्या सपाट संचाला जोडता येतो आणि खेळ सुरूही होतो. कुत्रा हुंगत येतो, बदक उठते, चापाचा खटका वाजतो, पडदा लकाकतो. मग आकाश गुलाबी होते आणि गवतातून कुत्रा हसत वर येतो, दर वेळी.