गांजामहालातला पोतदार

गांजा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर चिलीम येते, धुनी येते, हल्लीच्या दिवसांत पोलिसांचा छापा येतो. पण हे एक पीक आहे आणि ते पिकवणारा कोणी शेतकरी असतो, त्यालाही पावसाची, किडीची, बाजाराची धास्ती असते, हे सहसा मनात येत नाही. या शेतकऱ्याची हकिकत इंग्रजांनी बारकाईने लिहून ठेवली. त्यांना गांजाचा कर हवा होता आणि कर नीट वसूल करायचा तर आधी पीक समजून घ्यावे लागते!

बंगालमध्ये राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा हे तीन जिल्हे जिथे भिडत, तिथे नौगाव नावाचे गाव आहे. आज ते बांगलादेशात आहे. त्याच्या आसपासच्या मुलखाला ‘गांजामहाल’ म्हणत. परवाना काढून सरकारच्या देखरेखीखाली येथे गांजा पिकवला जाई. १८७७ साली हेमचंद्र केर या अधिकाऱ्याने या शेतीवर सविस्तर अहवाल लिहिला. पुढे ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला आणि १८९३ साली सात सभासदांचा एक आयोग नेमण्यात आला. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते. सातांपैकी तिघे भारतीय होते आणि त्यांतले एक, राजा शशिशेखरेश्वर राय, हे राजशाही जिल्ह्यातल्याच ताहिरपूरचे. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या.

मौज अशी, की हिमालयाच्या उतारावर हीच भांग कोणी न पेरता, न खुरपता माजते. तिला ना खत लागते, ना राखण. पण गांजामहालात आली की ती लाडावलेल्या लेकरासारखी नाजूक होई. जमीन उंचावरची हवी, सावली नको, पाणी साचायला नको. नांगरट पुन्हा पुन्हा करायची, वर शेणखत घालायचे, पेंड घालायची. ऑगस्टात वाफ्यात बी टाकायचे, म्हणजे ऐन पावसाळ्यात. बी टाकल्यावर पावसाची मोठी सर आली तर ते कुजे आणि पुन्हा पेरणी करावी लागे. सप्टेंबरात रोपे वरंब्यांवर लावायची. इथेही पाणी तुंबले की मुळे गेलीच म्हणायची. आपल्याकडे वाफसा न पाहता पेरणाऱ्याची जी गत होते, तीच.

किडीचे म्हणाल तर मावा, अळ्या, बुरशी हे या झाडाचेही शत्रू आहेतच. दाट फुलोऱ्यात दमटपणा राहिला की आतून बुरशी धरते आणि बाहेरून ती चटकन दिसत नाही. युरोपात वाखासाठी भांग लावणाऱ्यांना तर एका वेगळ्याच परोपजीवी वनस्पतीने छळले. आपल्या तंबाखूच्या शेतात ‘बंबाखू’ उगवतो ना, त्याच कुळातली ही. ती भांगेच्या मुळांना चिकटून तिचे अन्न शोषते.

पण गांजामहालातल्या शेतकऱ्याचा खरा वैरी ना पाऊस, ना अळी. त्याचा वैरी होता त्याच्याच शेतातले नरझाड.

भांगेत नर आणि मादी अशी झाडे वेगवेगळी असतात. पपई लावणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको. फरक इतकाच, की पपईच्या बागेत परागासाठी थोडे नर राखावे लागतात, तर गांजाच्या शेतात एकही चालत नाही. गांजा म्हणजे मादीझाडाचा न फळलेला फुलोरा. पराग लागला की त्यात बी धरते, राळ कमी होते आणि मालाचा भाव पडतो. परागही वाऱ्यावर उडणारा. एक झाड नजरेतून सुटले, तर त्या शेताचेच नव्हे, शेजाऱ्याच्या शेताचेही नुकसान. आणि फुलायला लागेपर्यंत दोन्ही झाडे दिसायला सारखीच!

म्हणून नोव्हेंबरच्या सुमारास एक जाणकार बोलावला जाई. त्याला ‘पोद्दार’ म्हणत. मूळ अर्थ नाणी पारखणारा. आपल्याकडचा पोतदार तो हाच. खरे-खोटे रुपये निवडणाऱ्याचे नाव झाडे निवडणाऱ्याला मिळाले. तो ओळीओळीने फिरे, कळी उमलण्याआधी नर ओळखे आणि उपटवून टाके. हे काम एका फेरीत संपत नसे, कारण काही मादीझाडांवरही मागाहून नरफुले येत. डोळ्यांत तेल घालून पाहिले तरी थोडे बी धरायचेच. अलीकडे अमेरिकेत बिनबियांच्या गांजाला ‘सिन्सेमिया’ असे स्पॅनिश नाव देऊन त्याचे कौतुक झाले. ती विद्या नौगावच्या पोद्दाराला शंभर वर्षांपूर्वीच अवगत होती.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कापणी होई. काही माल पायांनी तुडवून चपटा करीत, काही वळून गोल करीत आणि उरे तो चुरा. तिन्हींवर कराचे दर वेगळे. माल सरकारी नजरेखाली नौगावच्या गोदामात जाई. म्हणजे पावसाची जोखीम शेतकऱ्याची, नर राहिला तर तोटा शेतकऱ्याचा, पण पीक हाती आले की हिशेब अबकारी खात्याचा. या पेचातून मार्ग काढण्यासाठी १९१७ साली नौगावच्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था उभारली.

असेच पीक आपल्याजवळही होते. मध्य प्रांतात ते खांडव्याभोवती होते, मुंबई इलाख्यात मुख्यतः अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात.

१८९४ च्या अहवालात आयोगाने म्हटले, की बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेक मात्र घातक, आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही, इष्टही नाही, नियंत्रण ठेवावे. दोन भारतीय सभासदांनी मात्र आपले मत वेगळे नोंदवले. पुढे वारे फिरले. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर भारतात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि बांगलादेशाने १९८७ मध्ये नौगावची लागवड थांबवली. उत्तराखंडाने २०१८ साली धाग्यासाठी, अत्यल्प नशा असलेल्या भांगेच्या लागवडीला परवाना दिला, तो अपवाद.

बंदी योग्य की अयोग्य, हा वाद चालत राहील. मात्र ज्या सरकारने परवाने दिले, कर घेतला, गोदामे भरली, त्याच्या दफ्तरात शेराशेराचा हिशेब आहे. कळी उमलण्याआधी नर ओळखणारी नजर कशी कमावली जाई, हे त्या दफ्तरात सापडत नाही. ते बापाकडून मुलाकडे, शेतातच, बोट दाखवून जात असणार. शेत थांबले, तशी ती नजरही मिटली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)