दाढ काढायची, नवा दात बसवायचा : भोपाळला जाण्याआधी हे माहीत असू द्या

पांढुर्णा, मुलताई, आमला, बैतूल या पट्ट्यातला माणूस दातासाठी नागपूरला जाईल की भोपाळला, हे बऱ्याचदा गाडीच्या वेळेवर ठरतं. बऱ्हाणपूरकडचे लोक खंडवा-इटारसीमार्गे भोपाळ गाठतात. गावातला डॉक्टर दात काढून देतो. पण आडवी अक्कलदाढ, जबड्यातली गाठ, अपघातात मोडलेलं हाड किंवा तोंड उघडतच नाही अशी तक्रार असली की तो चिठ्ठी लिहून मोठ्या ठिकाणी पाठवतो. ती चिठ्ठी हातात आली की काय करायचं, त्याबद्दल हा लेख.

पहिली गोष्ट, कोणाकडे जायचं. बीडीएस झालेला डॉक्टर साधे दात काढतो, रूट कॅनाल करतो, कवळीही बनवतो. त्यापुढे एमडीएसच्या वेगवेगळ्या शाखा आहेत. जबड्याची शस्त्रक्रिया करणारा मुख-शल्यचिकित्सक वेगळा आणि कवळी, ब्रिज, कॅप बसवणारा तज्ज्ञ वेगळा. इम्प्लांटमध्ये बहुधा दोघांचंही काम असतं. भोपाळात साकेत नगरातल्या एम्समध्ये दंतविभाग आहे आणि राणी कमलापती स्थानकावर, म्हणजे जुन्या हबीबगंजला, उतरलं तर ते जवळ पडतं. शहरात खासगी दंत महाविद्यालयंही आहेत. तिथं शिकणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पैसे कमी. मध्य प्रदेशातलं सरकारी दंत महाविद्यालय मात्र इंदूरला आहे, भोपाळला नाही. हा घोळ अनेकांचा होतो. नागपूर सोयीचं असेल तर तिथलं सरकारी दंत महाविद्यालय आहेच.

दाढ काढण्याचं काम अर्ध्या तासाचं असतं, सांभाळायचं असतं ते नंतरच्या आठवड्यात. दात निघाल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. ती गुठळी म्हणजे जखमेवरचं झाकण. कापसाचा बोळा पाऊण तास दाबून धरायचा आणि पहिले २४ तास जोरात चूळ भरायची नाही, थुंकत राहायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. गुठळी निघून गेली तर आतलं हाड उघडं पडतं आणि दोन ते चार दिवसांनी असा ठणका लागतो की मूळ दाढदुखी परवडली म्हणावं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त दिसतं. परतीच्या गाडीत खर्रा तोंडात टाकणारे तर स्वतःहून हे दुखणं ओढवून घेतात. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळू चूळ, खायला मऊ खिचडी, दही-भात. अक्कलदाढ काढल्यावर गाल सुजतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वात जास्त असते, त्याला घाबरू नये. पण चौथ्या दिवसानंतर सूज वाढतच गेली, ताप आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जायचं. भोपाळच्या तारखेची वाट पाहायची नाही.

आता आपल्या भागातली एक खास बाब. बैतूल, छिंदवाडा, मेळघाट या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत, विशेषतः आदिवासी समाजात. २०२३ च्या जुलैमध्ये शहडोलहून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तेव्हापासून तपासण्या वाढल्या आणि अनेकांना कार्ड मिळाली. दात काढायला जाताना ते कार्ड खिशात हवंच. अशा रुग्णाला पाण्याची कमतरता, थंडी, जंतुसंसर्ग या तिन्हींमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. सूज उतरावी म्हणून इतरांना गालावर बर्फ लावायला सांगतात. सिकलसेलच्या रुग्णाने तो डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तरी आधी सांगायचं आणि ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. गोळी बंद केल्याने होणारा धोका दाताच्या रक्तस्रावापेक्षा मोठा असू शकतो. हाडं ठिसूळ होण्यावरची इंजेक्शनं किंवा गोळ्या घेणाऱ्या आजीबाईंनाही हे लागू आहे, कारण त्यांच्या जबड्याची जखम कधी कधी भरत नाही.

आणि ज्यांच्या तोंडाला किंवा मानेला कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, दिलेला आहे त्यांनी गावात दात काढून घेऊच नये. शेक दिलेल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि एका दातापायी जबड्याचं हाड मरू शकतं. म्हणूनच शेक सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी खराब दात काढून टाकतात. भोपाळात तोंडाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे, हे तिथल्या कॅन्सर नोंदणीतून वर्षानुवर्षं दिसतं. ईदगाह हिल्सवरच्या जवाहरलाल नेहरू कॅन्सर रुग्णालयात आपल्या भागातलेही रुग्ण असतात.

तोंड उघडत नसल्याची तक्रारही याच रांगेतली. आपली तीन बोटं उभी करून समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गाल आतून पांढुरके आणि कडक लागत असतील तर तपासणी करा. हे सुपारीमुळे होतं. तंबाखू नसलेली गोड सुपारीही यात निर्दोष नाही. मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैमध्ये. पुड्या कुठं मिळतात ते सगळ्यांना माहीत आहे. या आजारात काहींना पुढे कॅन्सर होतो, आणि तोंडच उघडत नसेल तर कवळीचं माप तरी कसं घेणार?

नवा दात बसवायचे मार्ग तीन. काढता-घालता येणारी कवळी सर्वात स्वस्त. तिला चार-पाच फेऱ्या लागतात आणि नंतरही घासून-घासून बसती करावी लागते. दुसरा ब्रिज : शेजारचे दोन दात तासून त्यांच्या आधारावर मधला दात टांगायचा. काम लवकर होतं, पण चांगले दात तासावे लागतात आणि ते पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. तिसरा इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर कॅप. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडावर प्रयोग करताना टायटॅनियम हाडाला घट्ट चिकटतं असं दिसलं आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. आजही तत्त्व तेच आहे. हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. खासगीत एका दाताला कॅपसह वीस-पंचवीस हजारांपासून पुढे खर्च येतो. साखर आटोक्यात नसेल किंवा बिडी-तंबाखू सुटत नसेल तर स्क्रू न धरण्याची शक्यता वाढते, त्यामुळे डॉक्टर आधी तीन महिन्यांची सरासरी साखर मागतात.

यात वेळेचाही हिशेब आहे. दात काढल्यावर तिथलं हाड झिजू लागतं. वर्षभरात रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते आणि त्यातली बरीच घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून दोन वर्षं काढली की मग हाड भरायची वेगळी शस्त्रक्रिया आणि वेगळा खर्च. इम्प्लांटचा विचार असेल तर दात काढतानाच तसं सांगा.

२०२१ च्या काळ्या बुरशीत अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. टाळूला भोक राहिलं, पाणी नाकातून यायचं, बोललेलं कळायचं नाही. त्यांच्यासाठी टाळू झाकणारी खास कवळी असते. ती बनवणारा तज्ज्ञ साध्या दवाखान्यात बहुधा मिळत नाही, मोठ्या दंत महाविद्यालयात मिळतो. अशा काही रुग्णांत गालाच्या हाडात लांब स्क्रू घालून दात बसवता येतात. तेव्हापासून रुमाल तोंडावर धरून फिरणारा कोणी ओळखीत असेल तर त्याला हे सांगा. हा त्रास आता जन्माचाच, असं समजून अनेकजण घरी बसलेत.

आठवडी बाजारात सतरंजीवर बसून दात चिकटवून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. ते शेजारच्या दातांना तार किंवा जागेवर घट्ट होणारा प्लास्टिकचा लगदा लावतात. दात निघत नाही म्हणून लोक खूश होतात, पण खाली अन्न सडतं, हिरड्या सुजतात आणि आधाराचे दातही हलायला लागतात.

पैशांचं म्हणाल तर आयुष्मान कार्डावर जबड्याचं फ्रॅक्चर, गाठ अशी दाखल होऊन करायची कामं बसतात. नुसती कवळी, कॅप किंवा इम्प्लांट बसत नाही. महाराष्ट्रातलं आयुष्मान कार्ड मध्य प्रदेशातल्या संलग्न रुग्णालयात चालतं, पण निघण्याआधी त्या रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राला विचारून घ्यावं.

आमचं मत विचाराल तर शस्त्रक्रिया भोपाळला करा आणि साधी कवळी घराजवळ. टोचते, हलते म्हणून कवळीसाठी जितक्या वेळा जावं लागतं, तितकं गाडीभाडं परवडत नाही. टाके काढायला सात-दहा दिवसांनी परत जायचं की गावातच काढायचे, हेही सुट्टी होतानाच विचारा आणि कागदावर लिहून घ्या. जुने एक्सरे, औषधांच्या पट्ट्या सोबत असू द्या. एम्सच्या ओपीडीची नोंदणी घरून ऑनलाइन करता येते. आणि भोपाळात कवळीला ‘बत्तीसी’ म्हणतात. खिडकीवर कवळी-कवळी करत बसलात तर पुढचा माणूस नुसता बघत राहील.