मोरीचं पाणी आणि परसातली पानं

खिडकीत चार कुंड्या ठेवायच्या, त्यांत पुदिना, गवती चहा, कढीलिंब लावायचा आणि लागेल तसं पान खुडून स्वयंपाकात घालायचं, याला हल्ली शाश्वत जीवनशैली म्हणतात. बाजारातली पिशवी वाचते, ट्रकचं डिझेल वाचतं, निम्मी जुडी फ्रिजमध्ये काळी पडत नाही. हे सगळं खरंच आहे. पण ही मालिका इतिहासाची आहे, म्हणून आपण आज थोडा वेगळा प्रश्न घेणार आहोत. मराठी घरामागचा परस इतकी शतकं चालला कशावर? आणि मग दोन-तीन पिढ्यांत तो गेला कुठे? आम्हाला याचं उत्तर पानांपेक्षा पाण्यात जास्त सापडतं, आणि तेही वापरून झालेल्या पाण्यात.

जुन्या कौलारू घराचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पुढे अंगण, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे न्हाणी, आणि तिच्यामागे परस. न्हाणीचं आणि भांडी घासल्याचं पाणी उताराने बाहेर पडायचं. ते पडायचं तिथे अळू. त्याच्या पुढे केळ, कर्दळ. आणखी पुढे, जिथे नुसती ओल पोचते तिथे हळद, आलं, गवती चहा, कढीलिंब. प्रत्येक घरी अगदी हाच क्रम असेल असं नाही, पण तत्त्व हेच. ज्याला पाय पाण्यात बुडवून उभं राहायला आवडतं ते मोरीजवळ, ज्याची मुळं कुजतात ते लांब. कुणी आराखडा काढून हे केलं नव्हतं. विहिरीवरून डोक्यावर आणलेला हंडा एकदाच वापरून टाकून देणं परवडत नव्हतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. अंघोळ झाली, भांडी झाली, मग त्याच पाण्यावर अळू झालं.

हे पाणी झाडांना चालायचं, कारण त्यात होतं काय? भांडी राखेने नि नारळाच्या शेंडीने घासलेली, डोकं शिकेकाईने धुतलेलं. लाकडाच्या राखेत पोटॅश असतं, ते तर केळीला हवंच असतं. तांदळाचं धुवण, डाळीचं पाणी, भाजीची सालं, हे सगळं गोठ्यात नाहीतर परसात जायचं.

अळवाबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण परसाचा खरा मालक तेच. भाजीचं अळू वेगळं आणि वडीचं वेगळं, काळसर देठाचं. दोन्हीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. म्हणून अळवाच्या जोडीला आंबट हवंच. देशावर चिंच, कोकणात आमसूल, आणि फतफत्यात चुका. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, मुळा घालून केलेलं ते फतफतं मांडवातल्या जेवणाचा मान मिळवून बसलं, पण त्याचा जन्म मोरीच्या तोंडाशी झालाय हे विसरायचं नाही. कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानात पातोळ्या वाफवतात. तिथे पान खायचं नसतं, त्याचा वास घ्यायचा असतो. असा पदार्थ बाजारावर अवलंबून राहून जन्मालाच आला नसता. मागच्या दारी पानं फुकट आहेत, म्हणून ते सुचतं.

आता इतिहासकाराची अडचण. हे सगळं लिहून कुणी ठेवलं? बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' रचला, त्यात अन्नभोगाचं सविस्तर वर्णन आहे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी तंजावरच्या मराठी दरबाराच्या छायेत 'भोजनकुतूहल' लिहिलं. 1875 मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' छापून आलं. या ग्रंथांतून काय शिजत होतं ते कळतं. मागच्या दारी काय उगवत होतं, आणि त्याला पाणी कोण घालत होतं, हा काही त्यांचा विषय नव्हता. राजाच्या मुदपाकखान्यात पान आपोआप हजर होत असावं! बाजारात ज्याची किंमत होते त्याचा हिशेब राहतो, परसातल्या पानाचा राहत नाही. आणि तिथे राबणाऱ्या बाईचाही राहत नाही.

मग आपण शोधायचं कुठे? भाषेत आणि व्रतांत. गवती चहा हा शब्दच बघा. हे गवत इथलंच, जुनं. नावात चहा मात्र नंतर आला, कारण मराठी घरांत चहा रुळला तोच मुळी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांबरोबर चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसकट अनेकांवर ग्रामण्य झालं होतं. वाद अर्थात कपातल्या पेयापेक्षा तो कुणाच्या हातचा होता याचा होता. पण परसातल्या एका गवताला चहाचं नाव मिळायचं तर आधी चुलीवर चहा यावा लागतो, हे उघड आहे.

व्रतांत सगळ्यात बोलका पुरावा ऋषिपंचमीचा. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा नियम. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं धान्य बाद. हाताने लावलेलं, कुदळीने खणलेलं तेवढं चालतं. म्हणजे कोणतं? परसातलं. अळू, माठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, मक्याचं कणीस, सगळं एकत्र शिजवायचं. यातला लाल भोपळा आणि मका दोन्ही अमेरिकेतून आलेले, ऋषींनी ते पाहिलेले नव्हते. (हशा) परस सोवळ्याचा असला तरी नव्या रोपाला त्याने कधी नाही म्हटलं नाही. हे व्रत मासिक पाळीच्या विटाळाच्या कल्पनेशी बांधलेलं आहे, तो भाग आपल्याला आज टोचतो आणि टोचायलाच हवा. पण त्याच्या ताटात एक जुनी नोंद शिल्लक आहे: शेत बैलाचं आणि पुरुषाचं, परस हाताचा आणि बाईचा. वर्षातून एक दिवस सगळं घर त्या हातावर जेवायचं.

इथे एक गोष्ट आम्ही ठामपणे मांडतो, कारण परसाच्या आठवणी काढताना ती हमखास गाळली जाते. परस असायला घरामागे जागा लागते आणि पाण्यावर हक्क लागतो. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. ज्यांना प्यायचं पाणी दुसऱ्याने वरून ओतलं तर मिळायचं, त्यांच्या मोरीतून अळवापुरतं पाणी वाहणार कुठून? त्यांच्या ताटात हिरवं आलं ते बांधावरून, माळावरून: तांदुळजा, घोळ, पाथरी. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाण्याची नोंद केली आहे, ती 'आमच्या आजीचा परस' या गोड लेखांच्या शेजारी ठेवून वाचावी. तेव्हा 'पूर्वी सगळेच निसर्गाजवळ राहत होते' हे वाक्य आम्ही तरी म्हणणार नाही.

मग परस मोडला कसा? मुंबईत ते स्पष्ट दिसतं. 1860 मध्ये विहारचं पाणी आलं, 1892 मध्ये तानसाचं. नळ आला, त्यामागून बंद गटार आलं. 1911 मध्ये डॉ. बेंटली यांचा मुंबईतल्या मलेरियावरचा अहवाल आला. डास आवारातल्या विहिरींत वाढतात म्हटल्यावर त्या विहिरी बुजवायला किंवा झाकायला लावल्या. माणसं मरत होती, त्यामुळे या निर्णयाला नावं ठेवायचं कारण नाही. परिणाम मात्र असा झाला, की पाणी घरात एका नळीतून येऊ लागलं आणि दुसऱ्या नळीतून समुद्राकडे जाऊ लागलं. मधला परस संपला. चाळीच्या गॅलरीत उरली डब्यातली तुळस, फार तर एक ओव्याचं झाड. (हे ओव्याचं झाड म्हणजे आपल्या डब्यातल्या ओव्याचं नव्हे बरं का, दोन्ही वनस्पती वेगळ्या, वास तेवढा सारखा.) कोथिंबीर, केळी, भाजी आता वसईच्या वाड्यांतून, पुढे नाशिककडून येऊ लागली. आणि भाजीवाली 'घ्या ताई' म्हणून मूठभर कोथिंबीर, दोन मिरच्या वर टाकू लागली. परसातली फुकट कोथिंबीर बाजारात येऊनही फुकट राहिली, फक्त तिचा खर्च आता शेतकऱ्याच्या अंगावर पडला. भाव कोसळला की तोच जुड्या रस्त्यावर ओततो.

हे असंच व्हायला हवं होतं का? नाही, आणि त्याचा पुरावा होळकरांच्या इंदुरात आहे. तिथे पॅट्रिक गेडिस यांना नगररचनेसाठी बोलावलं होतं. त्यांचा अहवाल 1918 चा. शहराची घाण महागड्या गटारांनी लांब नेऊन नदीत सोडण्यापेक्षा ती बागांच्या मातीला द्यावी, हा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, पण मुंबईने काही ते ऐकलं नाही. इंदुरातच 1924 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांची संस्था उभी राहिली. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी उलथून साधारण तीन महिन्यांत खत करायची 'इंदूर पद्धत' तिथली. 1931 मध्ये तिच्यावर पुस्तक निघालं. त्याचे लेखक दोन: हॉवर्ड आणि यशवंत वाड. सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून हॉवर्ड जगभर गाजले. वाड यांचं नाव महाराष्ट्रात तरी किती जणांना माहीत आहे? परसातली बाई जे न लिहिता करत होती, त्याचं मोजमाप करून कागदावर आणणाऱ्यांत एक वाड होते.

सरकारनेही मधूनमधून परस आठवला, तो टंचाई आली की. 1940 च्या दशकात 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम झाली. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर फिरवला. टंचाई सरली की हिरवळ परत येते, तशी ती आलीच. 'अधिक धान्य' मोहिमेचं एक शेपूट मात्र मुंबईत राहिलं. रेल्वेने रुळांकडेची जमीन त्याच नावाच्या योजनेखाली भाजीला दिली. लोकलमधून दिसणारे माठ-पालकाचे ते हिरवेगार वाफे. त्यांना पाणी कुठलं, हा वाद तुम्ही वर्तमानपत्रांत वाचला असेल. वापरलेलं पाणी भाजीला देण्याची आपली जुनीच रीत, पण नाल्यात आता कारखान्याचं आणि संडासाचं पाणीही मिसळलेलं. माठ-पालकासारख्या पालेभाज्या त्यातलं शिसं-कॅडमियम शोषून घेतात. मोरी आणि परस यांच्यामध्ये पूर्वी एकच घर होतं, आता अख्खं शहर आहे.

घरातलं पाणीही बदललं. 1969 मध्ये निरमा आला, पावडर स्वस्त झाली, राख-शिकेकाई मागे पडली. पावडरीतला सोडा कुंडीच्या मातीत साचत जातो नि माती दगडासारखी होते. म्हणून आज तेच करायचं तर पाणी वेगळं काढायला हवं. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, मीठ न घालता उकडलेल्याचं गार झालेलं, एवढं झाडांना निर्धास्त द्यावं. साबणाचं देऊ नये. चौघांच्या घरात या धुवणावर एक कढीलिंब, गवती चहाचं एक बेट आणि बादलीतलं अळू सहज जगतं. उन्हाळ्यात कोथिंबिरीच्या मागे लागू नका, ती लगेच फुलावर येते. ते थंडीचं पीक.

कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी 'प्रयोग परिवार' उभा करून हे गणित शेतकऱ्यांना आणि शहरातल्या गच्चीवाल्यांना शिकवलं: पालापाचोळ्याची माती घरीच करायची. त्याच धाग्यावर मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर बाग झाली. खालच्या स्वयंपाकघरातला ओला कचरा वर जायचा, वरचं पान-फळ खाली यायचं. मधे गटार नाही. आम्हाला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे हे काम पगारी नोकरांनी नोकरीचा भाग म्हणून केलं, घरातल्या एका बाईच्या पहाटेवर ते लादलं नाही.

आता मोठ्या गृहसंकुलांत सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र बसवावं लागतं. तळघरात ते घरघरत असतं, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ करतं आणि ते सोडलं जातं प्रवेशद्वाराजवळच्या लॉनवर. चौथ्या मजल्यावर कुंडीतून दोन थेंब खाली टपकले म्हणून सोसायटीची नोटीस येते. कढीपत्ता सगळे ॲपवरून मागवतात, दहा रुपयांना, प्लॅस्टिकच्या पाकिटात. पुढच्या व्याख्यानात आपण याच शहरांच्या बुजवलेल्या विहिरींकडे वळू. आता प्रश्न घेऊ या.