‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आवडली? मग काशीला या

वाराणसीहून बोलतोय. या मालिकेत लढायांवर बोलायचं ठरलं होतं, पण बेळगाव, इंदूर, हैदराबाद अशा वेगवेगळ्या गावांहून एकच प्रश्न येतोय. “अमुक चित्रपट परवाच पाहिला, फार आवडला. आता त्याच्या जोडीनं काय बघू?” आणि हा ‘अमुक’ बहुतेक वेळा परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ असतो. तेव्हा लढाई पुढच्या भागात.

सिनेमा सुचवणारे सहसा नट बघतात, नाहीतर विनोदी-गंभीर असा प्रकार बघतात. नंदू माधव आवडले ना, मग त्यांचा दुसरा घ्या. यात चूक काही नाही. मला मात्र नकाशा वाचायची जुनी सवय. ठाऊक असलेल्या खुणेवरून दिशा घ्यायची आणि पुढची खूण शोधायची. चित्रपट जिथं संपतो, तिथून माणूस पुढं कुठं गेला, एवढंच मी विचारतो.

‘फॅक्टरी’ २००९ ची. त्यातले फाळके हसतमुख आहेत. घरातल्या वस्तू विकताहेत, बायकोला कामाला जुंपताहेत, तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून साळुंके नावाच्या आचाऱ्याला साडी नेसवताहेत. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, पुढं लंडनवारी झाली आणि मोकाशींनी त्या चढत्या काळातच गोष्ट आवरती घेतली. शहाणपणाचं केलं. कारण पुढं १९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, पैसा आला, आणि त्याच्या पाठोपाठ हिशेबाची कटकटही आली. एक एक चित्र मनासारखं करायची फाळक्यांची रीत आणि खर्चाला लगाम घालू पाहणारे भागीदार, हे जमेना. ‘कालियामर्दन’ आलं, त्यात त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली होती. त्यानंतर १९१९-२० च्या सुमारास फाळक्यांनी राजीनामा दिला आणि बायकापोरांसह ते निघून आले. कुठं? इथं, काशीला.

आता पुराणातली कथा आठवा. राज्य विश्वामित्राला दिलेलं, वर दक्षिणा देणं बाकी. हरिश्चंद्र काशीलाच का येतो? कारण सारी पृथ्वी दान दिल्यावर उभं राहायला जागा उरते ती एवढीच. काशी शंकराची, ती कुठल्याच राजाच्या मालकीची नाही. ज्यानं ही कथा पडद्यावर आणली तोच माणूस सहासात वर्षांत स्वतः उभारलेलं सोडून त्याच गावी यावा, हा योगायोग मला घाटावरून जाताना दर वेळी आठवतो. १९१३ च्या चित्रातली काशी मात्र इथली नव्हे. स्टुडिओ होता दादरला, आणि बाहेरची दृश्यं कर्जतच्या वाटेवरल्या वांगणीत टिपलेली.

फाळके काशीत रिकामे बसले नाहीत. किर्लोस्कर मंडळींची नाटकं त्या वेळी इथं चालू होती, ती पाहिली आणि स्वतःच ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहायला घेतलं. त्या काळच्या नाट्यधंद्यावरच टीका! (कंपनीवाल्यांवरचा राग कुठं तरी निघणारच.) इकडं ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकरांनी त्यांना परत फिरायचा आग्रह केला. चित्रपटापुरता मी मेलोय, अशा अर्थाचं उत्तर गेलं. कोल्हटकर पक्के पत्रकार. त्यांनी ते पत्र छापूनच टाकलं. मग वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला आणि तो सगळा गठ्ठा त्यांनी काशीला रवाना केला. फाळके नाशिकला परतले. अधिकाऱ्यानं आज्ञा करावी आणि शिपायानं परत फिरावं, हे मी पुष्कळ पाहिलंय. पण ओळख ना देख अशा प्रेक्षकांच्या पत्रांनी माणूस कामावर परत आलेला मला तरी दुसरा ठाऊक नाही.

हे कोणत्याही चित्रपटात नाही. फाळक्यांची काशी कशी होती हे डोळ्यांनी बघायचं असेल, तर एकच चित्र आहे: सत्यजित रायांचा ‘अपराजितो’. १९५६ चा. बंगाली आहे म्हणून बिचकू नका, तळाला अक्षरं असतात. कथेची सुरुवात काशीत होते, आणि साल आहे १९२०. म्हणजे फाळके ज्या सुमारास इथल्या गल्ल्यांतून हिंडत होते नेमका तोच. घाटावर पोथी सांगून पोट भरणारा हरिहर, त्याची बायको सर्वजया, आणि कबुतरांत, माकडांत रमलेला अपू. घाट खरे, पहाटेचा उजेड खरा. घरातला चौक मात्र कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेला आहे. छायाचित्रकार सुब्रत मित्रांनी वर कापड ताणून त्यावरून दिवे परतवले आणि काशीच्या अंधाऱ्या वाड्यात वरून झिरपतो तसा उजेड आणला. मी असल्या वाड्यांत जाऊन आलोय. सांगितल्याखेरीज फरक कळत नाही. ‘फॅक्टरी’त ज्यांना सरस्वतीबाई लक्षात राहिल्या त्यांनी सर्वजयाकडे बघावं. परगावी नवऱ्याच्या पाठोपाठ आलेल्या बाईचं पुढं काय होतं ते रायांनी दाखवलंय. १९५७ साली व्हेनिसला या चित्रपटाला सुवर्णसिंह मिळाला.

खुद्द हरिश्चंद्राची गोष्ट हवी असेल तर फाळक्यांच्या मूळ चित्राच्या शोधात फार वेळ दवडू नका. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढंच पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आहे, आणि तेही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीचं असावं असं काही अभ्यासक म्हणतात. त्यापेक्षा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ बघा. १९३२, शांतारामबापूंचं दिग्दर्शन, गोविंदराव टेंबे राजा आणि दुर्गाबाई खोटे तारामती. आपला पहिला मराठी बोलपट. आवाजाची खरखर सोसावी लागेल. पण एकोणीस वर्षांत काय झालं ते बघा. जिथं मिशी भादरलेला आचारी उभा होता तिथं सुशिक्षित, घरंदाज बाई येऊन उभी राहिली. आमच्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत सनावळ्या भरपूर असतात, असा पुरावा क्वचित.

‘मणिकर्णिका’ पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. झाशीच्या राणीचा जन्म इथलाच, वडील मोरोपंत तांबे चिमाजीअप्पांच्या पदरी. सोहराब मोदींचा १९५३ चा ‘झाँसी की रानी’ मिळवून बघा. टेक्निकलरमध्ये होता, पैसा पाण्यासारखा ओतला आणि बुडाला. तरी फौजी म्हणून सांगतो, घोडे आणि तोफा तिथं खऱ्या वजनाच्या वाटतात.

आता शेवटचा, ‘मसान’. २०१५. दिग्दर्शक नीरज घायवान हैदराबादच्या मराठी घरातला. कान महोत्सवात दोन पुरस्कार मिळवून आला. घरी नातवंडांसोबत बसून बघण्यातला नाही, आधीच सांगतो. पण हरिश्चंद्राची कथा ज्यांच्या हाडीमासी आहे त्यांनी तो बघितलाच पाहिजे. कथेत राजा डोमाचा चाकर होतो आणि आपण राजासाठी हळहळतो. त्या डोमाचं नाव, घर, पोरंबाळं कुणी विचारत नाही. शंभर वर्षं आपण पडद्यावर राजाच बघत आलो. घायवानचा कॅमेरा त्या डोमाच्या घरात जातो. मुलगा दीपक पॉलिटेक्निकात शिकतो, रात्री चिता रचतो, आणि वरच्या जातीच्या मुलीच्या प्रेमात पडतो. हरिश्चंद्र घाटावर उभं राहून पर्यटक गाइडला विचारतात, राजा कुठं उभा होता? ‘मसान’ पाहिल्यानंतर मी तिथं लाकडं वाहणाऱ्या पोरांकडे बघतो. त्यांपैकी एकाशी ओळख झालीय, तो बी.ए. करतोय.

क्रम सांगायचा तर ‘फॅक्टरी’नंतर ‘अयोध्येचा राजा’, मग ‘अपराजितो’, आणि ‘मसान’ अखेरीस. एका दिवसात दोन बघू नका. ‘अपराजितो’नंतर तरी रात्र जाऊ द्या. पाहून झाले की कोणता आवडला आणि कोणता अर्ध्यावर सोडला, दोन्ही कळवा. अर्ध्यावर सोडलेला कळला की पुढचा सुचवायला मला सोपं जातं.