बांकेटबाकर : बाकावरून मिठाईपर्यंत

केक, पेस्ट्री आणि बदामाचे गोड पदार्थ बनविणाऱ्या कारागिरास डच भाषेत ‘बांकेटबाकर’ म्हणतात. पाव भाजणारा तो ‘ब्रोटबाकर’. नेदरलँड्समधील अनेक दुकाने दोन्ही कामे करतात; म्हणूनच त्यांच्या पाट्यांवर ‘ब्रोट’ आणि ‘बांकेट’ हे शब्द जोडीने दिसतात.

या सामासिक शब्दातील ‘बाकर’ म्हणजे भट्टीत पदार्थ भाजणारा. हे पद मूळचे जर्मानिक आहे. ‘बांकेट’ मात्र फ्रेंचमधून आले. फ्रेंच शब्दाचे मूळ इटालियन ‘बांकेत्तो’, म्हणजे लहान बाक, हे आहे. बाके मांडून होणाऱ्या भोजनावरून त्यास मेजवानीचा अर्थ आला. गंमत अशी की, इटालियन ‘बांको’ हा शब्दही जर्मानिक भाषांकडून घेतलेला. म्हणजे उत्तरेतून बाक म्हणून बाहेर पडलेला शब्द दक्षिणेकडून मेजवानी होऊन परतला. मूळ ‘बांक’ डच भाषेत बाक या अर्थाने आजही नांदतो.

डच भाषेत ‘बांकेट’चा अर्थ पुढे आणखी आकुंचित झाला. मेजवानी हा अर्थ टिकला. परंतु तीत वाढल्या जाणाऱ्या गोड पदार्थांनाही तेच नाव मिळाले. सतराव्या शतकातील डच चित्रकलेत मेजवानीच्या मेजाच्या स्थिरचित्रांना ‘बांकेत्ये’ म्हणत. आज पापुद्रेदार आवरणात बदामाचे सारण भरून केलेला पदार्थ ही ‘बांकेट’ची ठळक ओळख आहे. ५ डिसेंबरच्या सिंटरक्लास सणाला तो रोमन अक्षरांच्या आकारात भाजला जातो.

हा शब्द खाणीतही पोहोचला. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड येथे १८८६ मध्ये सोने सापडले. तेथील सुवर्णयुक्त खडकात रुतलेले पांढरे गोटे मिठाईतील बदामांसारखे दिसत. त्यामुळे त्या खडकालाच ‘बांकेट’ हे नाव पडले. भूशास्त्रात ते अद्याप वापरात आहे.

मराठी वाचकास हे कुळ परके नाही. इटलीतील सराफ ज्या बाकावर बसून व्यवहार करीत, त्या ‘बांको’वरूनच इंग्रजीमार्गे मराठीत ‘बँक’ आली. पैशांची पेढी आणि मिठाईची पेढी यांची नावे अशी एकाच बाकावरून निघाली.