छावणीतला शिधा आणि निलोखेरी

फाळणीनंतर १९४७ साली पूर्व पंजाबात कुरुक्षेत्र येथे निर्वासितांची प्रचंड छावणी पडली. दोन लाखांहून अधिक माणसे सरकारी शिध्यावर जगू लागली. १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, ऐन दिवाळीत, गांधीजी दिल्लीच्या नभोवाणी केंद्रातून बोलले ते याच माणसांशी. शिध्याला नाक मुरडणे आम्हां पोटभर जेवलेल्यांस शोभणार नाही. परंतु ज्याचे दुकान, गिऱ्हाईक, उधारीची वही सारे सीमेपलीकडे राहिले, त्याची भूक शिध्याने भागली तरी बाजारातली पत कोठून परत यावी?

सुरेंद्रकुमार डे नावाच्या अभियंत्याने हे काम अंगावर घेतले. छावणीत धंदेशिक्षण सुरू झाले आणि १९४८ साली जवळच्या निलोखेरीत, सुमारे अकराशे एकरांच्या दलदलीवर, निर्वासितांच्याच हातांनी वसाहत उभी राहू लागली. 'मजदूर मंझिल' हे त्या योजनेचे नाव. तेथे हातांना कसब मिळालेच. पण त्याहून अवघड धडा आम्हांस वाटतो तो सहकारी संस्था चालविण्याचा, हिशेब ठेवण्याचा आणि भोवतालच्या खेड्यांची गरज ओळखण्याचा. कसबी कारागीर आपल्याकडेही थोडे नाहीत; भाव सांगताना मात्र त्यांची जीभ अडखळते!

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समाजविकास योजना सुरू झाली, तिच्यामागे निलोखेरीचा अनुभव होता. पुढे डे त्या खात्याचे मंत्रीही झाले. कचेऱ्या व अधिकारी गावोगाव पोहोचले. गिऱ्हाईक शोधण्याचे ते शिक्षण, आमच्या मते, वाटेतच राहिले.