पातं, तार आणि गरी

स्पिनर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बेदी-चंद्रा-प्रसन्ना येतात. माझ्याही यायचे. मग पोर्टलंडला प्रोजेक्टवर आलो, टीममधल्या एका साठीच्या टेस्टरनं (ह्यांना आपण गुरुजी म्हणू) एका शनिवारी पहाटे साडेचारला गाडीत घातलं, आणि तेव्हापासून स्पिनर म्हणजे सामन माशासाठी पाण्यात फिरवायचं पत्र्याचं खेळणं, हा अर्थ डोक्यात पक्का बसला.

मालवणला मामाला फोनवर हे सांगितलं. मामाचा अख्खा जन्म गरवण्यात गेलेला. गरीला कोळंबी लावायची, सोडायची आणि बसायचं. आमिषच नाही हे ऐकून म्हणाला, "मगे मासो काय पत्रो खाता?"

प्रश्न अगदी रास्त होता. गंमत म्हणजे सामन खातच नाही. समुद्रातून अंडी घालायला नदीत शिरला की त्याचं खाणं जवळपास बंद होतं. तो पत्र्यावर तुटून पडतो तो चिडून, नाहीतर जुन्या सवयीनं. म्हणजे आपण भूक विकत नाही, राग विकतो. हा राग कसा आणायचा ह्यावर लोकांनी पावणेदोनशे वर्षं डोकं चालवलंय.

अमेरिकेतली गोष्ट ज्युलिओ ब्युएलपासून सुरू करतात. व्हरमाँटमधल्या बोमोसीन तलावावर नावेत जेवताना त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला, गिरक्या घेत खाली चालला आणि एका माशानं झडप घालून तो पळवला, अशी दंतकथा आहे. खरी-खोटी तो चमचाच जाणे! पण १८५२ मध्ये ब्युएलनं पेटंट घेतलं हे मात्र कागदोपत्री आहे. पुढे १८७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लेटन गावच्या स्किनरनं पन्हाळीसारखे उभे खळगे पाडलेल्या पात्याचं पेटंट घेतलं. खळग्यांमुळे एकाच पत्र्यावरून उजेड दहा दिशांना फुटतो. डोकं बघा!

आज दुकानात दिसतो तो, सरळ तारेभोवती पातं फिरणारा स्पिनर मात्र फ्रान्सचा. १९३८ मध्ये आंद्रे मेल्नारनं 'मेप्स' काढली. हे नाव म्हणजे 'खेळाच्या मासेमारीची अचूक साधनं बनवणारा' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांची आद्याक्षरं. युद्धानंतर युरोपातून परतलेल्या एका सैनिकानं हा स्पिनर विस्कॉन्सिनमधल्या अँटिगो गावच्या टॉड शेल्डन ह्या दुकानदाराला दिला. शेल्डननं १९५१ मध्ये वुल्फ नदीवर तो टाकला, दोनेक तासांत चार दणदणीत ट्राउट काढले आणि थेट धंदाच सुरू केला. सुरुवातीला फ्रान्समधली एक बाई नायलॉनच्या स्टॉकिंग्जच्या बदल्यात त्याला स्पिनर पाठवायची म्हणतात. ह्याला म्हणतात सप्लाय चेन!

आता हार्डवेअर. आपला विषय :)

गोल पातं, म्हणजे कोलोरॅडो, तारेपासून लांब उघडतं, हळू फिरतं आणि पाण्यात धप-धप असे ठोके देतं. गढूळ पाण्यात हेच हवं, कारण तिथे मासा बघत नाही, अंगावरच्या पार्श्वरेषेनं पाण्याची थरथर ऐकतो. विलो लीफ हे निमुळतं पातं तारेला चिकटून भर्रकन फिरतं, त्यात लकाकी जास्त आणि ठोका कमी. इंडियाना मधलं. पातं अडकतं यू आकाराच्या छोट्या कडीत, तिच्याखाली मणी. हा मणी शोभेचा नाही, बेअरिंग आहे. खराब मणी असला की पातं अडतं, आणि न फिरणारा स्पिनर म्हणजे नुसता पत्रा. तार स्टेनलेस, सामनसाठी साधारण ०.०३५ इंच जाड. वर भोवरकडी चांगली घ्या, नाहीतर पात्याबरोबर दोरीलाही पीळ पडतो आणि उरलेला दिवस गुंता सोडवण्यात जातो.

मी ह्या सगळ्याची एक्सेल शीट केली होती. पाण्याचा रंग, पात्याचा नंबर, पितळ की चांदीचा मुलामा... सगळे कॉलम होते. फक्त गळाचा कॉलम नव्हता. पाकिटात तीन तोंडांचा गळ आला होता, तो तसाच ठेवला. डिफॉल्ट सेटिंग कोण बदलतो?

ऑक्टोबरात टिलामूकच्या बाजूच्या एका नदीवर मला पहिला कोहो सामन लागला. पंधरा मिनिटं हात थरथरत होते. जाळीत आला तेव्हा गुरुजींनी त्याची पाठ बघितली. शेपटीच्या अलीकडे एक छोटासा मांसल पर असतो. हॅचरीत वाढवलेल्या पिल्लांचा तो कापून सोडतात, म्हणून पर नसेल तर मासा घरी न्यायचा. ह्याचा पर शाबूत होता. म्हणजे रानातला, नदीतच जन्मलेला. ओरेगन किनाऱ्याचा कोहो १९९८ मध्ये पहिल्यांदा संकटग्रस्तांच्या संघराज्य यादीत गेला. तिथल्या नियमानं तो सोडणं भाग होतं.

पण गळाची तीनपैकी दोन तोंडं आत कल्ल्यापाशी रुतली होती, उलट्या काट्यांसकट. पक्कड घेऊन सोडवेपर्यंत पाणी लाल झालं. गुरुजींनी तो प्रवाहाकडे तोंड करून धरला, बराच वेळ धरला. मग तो गेला. पोहत गेला की वाहत गेला, मला सांगता येणार नाही.

परतीच्या वाटेवर गुरुजी एवढंच म्हणाले, "पातं मासा बोलावतं. तो जगेल का ते गळ ठरवतो."

दुसऱ्या दिवशी एकेरी गळाचं पाकीट आणलं. ह्याचं डोळं उघडं असतं, स्पिनरच्या तारेत अडकवून पकडीनं दाबलं की झालं. उलटा काटाही पकडीनंच चेपायचा. पाकिटावर नाव होतं 'सायवॉश'. सवयीनं शब्द शोधला आणि बसलो तसाच. हा शब्द चिनूक जार्गनमधला, कोलंबिया नदीच्या परिसरातल्या व्यापाराच्या खिचडी भाषेतला. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'रानटी'. इथल्या मूळ रहिवाशांना हिणवायला तो वापरायचे. म्हणजे हजारो वर्षं ह्या माशावर जगलेल्या आणि पहिला सामन आला की त्याचा सोहळा करणाऱ्या लोकांसाठीची शिवी गळाच्या पाकिटावर छापलेली होती!

आणि 'रानटी नसलेल्यांनी' काय केलं? १८६६ मध्ये कोलंबियावर पहिला डबाबंद सामनचा कारखाना निघाला आणि मग रांगच लागली. १० मार्च १९५७ ला डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सेलायलो धबधबा, मूळ रहिवाशांची पिढ्यान्‌पिढ्यांची मासेमारीची जागा, काही तासांत पाण्याखाली गेला. ज्या चिनूक लोकांचं नाव सर्वांत मोठ्या सामनला दिलंय, त्यांना संघराज्य सरकारनं २००१ मध्ये मान्यता दिली आणि २००२ मध्ये काढूनही घेतली.

असो. एका गळावर एवढं ओझं टाकू नये, कळतंय मला. पण माझ्या शीटमध्ये आता पहिला कॉलम गळाचा आहे. एकेरी, काटा चेपलेला. ह्यानं मासे निसटतात, दोन निसटलेसुद्धा. मामाला सांगितलं तर म्हणाला, "मगे गरवूक जातस कित्याक?"

त्याचं उत्तर अजून शोधतोय. पुढच्या शनिवारी साडेचारला गाडी आहे.